नव्वद ग्रॅम

१

मंगळवारी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी गुंड्याने तोंड फिरवलं.

वेळ इतकी नेमकी सांगता येते याचं कारण रूपालीच्या नवऱ्याची, ललितची, कंपनीतली पहिली पाळी. त्याच्या मोटारसायकलचा आवाज मखमलाबादच्या कोपऱ्यावरून वळून विरला की रूपाली पलंगावर भिंतीला उशी लावून बसायची, आणि गुंड्या पुढची वीस मिनिटं जगाशी संबंध तोडून दूध प्यायचा. चार महिन्यांत हा कार्यक्रम एकदाही चुकला नव्हता. एखाद्या कचेरीत एवढा नियमितपणा दिसला असता तर लोकांना संशय आला असता.

त्याचं नुकतंच ठेवलेलं नाव रियांश. त्याचा अर्थ काय, हे ते नाव सुचवणाऱ्या आत्यालाही सांगता आलं नव्हतं. मोबाइलवर 'सूर्याचा अंश' असं आलं होतं, आणि मोबाइलवर आलं म्हणजे असणारच. घरात मात्र तो गुंड्या होता.

तर गुंड्याने तोंड फिरवलं. रडला नाही, चिडला नाही. रूपालीने डावीकडून पाजून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, आडवं होऊन पाहिलं, खोलीत फेऱ्या मारत पाहिलं. पंगतीत आग्रह करायला आलेल्या माणसापुढे एखादा पाहुणा पानावर हात आडवा धरतो, तसा त्याने आपला इवलासा तळवा तिच्या छातीवर टेकवला आणि तिला हळूच दूर सारलं. नको, खरंच नको, आत्ताच झालं माझं.

ते सारणं फार सभ्य होतं. रूपालीला नेमकं तेच खटकलं. भुकेलं मूल सभ्य नसतं.

दिवसभर हेच चाललं. संध्याकाळी ती त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी कान पाहिले, घसा पाहिला, हिरड्यांवरून बोट फिरवलं.

"सगळं व्यवस्थित आहे," ते म्हणाले. "होतं असं कधीकधी. आम्ही याला संपच म्हणतो. बाळ संपावर गेलंय."

"मागण्या काय आहेत?" रूपालीने विचारलं.

डॉक्टर हसले. "साबण बदललात? अत्तर, पावडर? घरात काही गडबड?"

"रविवारी बारसं होतं."

"चार महिन्यांनी?"

"बाराव्या दिवशी ह्याच्या बाबांना रजा नव्हती आणि ह्याच्या आजोबांचा फुलांचा हंगाम होता. पंचांगाला फारसं कुणी विचारलं नाही."

"मग गर्दीला बिचकला असेल. येईल कामावर. तोवर तुम्ही दूध काढत राहा, चमच्याने द्या. काढलं नाही तर आटेल, आणि एकदा आटलं की मग तो परत आला तरी उपयोग नाही. वजनावर लक्ष ठेवा."

आटेल हा एकच शब्द घेऊन रूपाली घरी आली. तिला स्वतःची आई नव्हती. लग्नाआधी दोन वर्षं गेली होती. त्यामुळे असल्या गोष्टी विचारायच्या कुणाला, हा प्रश्न तिच्यापुढे बाळंतपणापासूनच होता, आणि त्याचं उत्तर तिने स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं. कुणालाच नाही. मोजायचं, लिहायचं आणि मग बघायचं. शरणपूर रोडवरच्या एका लॅबमध्ये सहा वर्षं काउंटर सांभाळून आणि रक्त तपासून तिला तेवढं एक शहाणपण आलं होतं.

२

बुधवारी गुंड्याने चमचाही नाकारला. काढलेलं दूध त्याच्या हनुवटीवरून ओघळून गळ्याच्या घडीत गेलं, आणि तो कुतूहलाने आढ्याकडे बघत राहिला.

आणि तरी त्याने दिवसभरात सात दुपटी ओली केली.

रूपालीने ती सातही दुपटी दोरीवर ओळीने वाळत घातली आणि त्यांच्याकडे बघत उभी राहिली. जे आत जात नाही ते बाहेर येत नाही, एवढं समजायला लॅबमध्ये नोकरी करावी लागत नाही.

घरात वजनाचा काटा होता. सासरे सावळीराम आयुष्यभर झेंडू आणि शेवंती पिकवत आले होते. अर्ध्या वावरावर हे रो हाउस उभं राहिलं, तरी उरलेल्या अर्ध्यातली फुलं ते पहाटे गणेशवाडीच्या बाजारात घेऊन जायचे. त्यांचा इलेक्ट्रॉनिक काटा पाच ग्रॅमचाही फरक दाखवायचा. रूपालीने आधी त्यावर एक किलोची मिठाची सीलबंद पिशवी ठेवली. काटा बरोबर होता. मग फुलांची रिकामी जाळी ठेवून आकडा शून्यावर आणला, जाळीत दुपटं अंथरलं आणि त्यावर गुंड्याला निजवलं.

पाच किलो आठशे चाळीस.

पावणेदोनला तिने त्याला त्याच दुपट्यासकट मागच्या खोलीतल्या पाळण्यात ठेवलं. बारशाला बांधलेला तो पाळणा सोडायचा अजून राहिला होता. पाळण्याला झेंडूच्या माळा वाळून लटकत होत्या. तो झोपला. ती पुढच्या खोलीत येऊन टेकली. सव्वातीनला तो जागा झाला, म्हणजे हुंकारला. चार महिने त्याचं जागं होणं म्हणजे गल्लीला सूचना असायची. हल्ली तो नुसता हुंकारायचा.

तिने त्याला तसाच जाळीत ठेवला.

पाच किलो नऊशे तीस.

तिने त्याला उचलून पुन्हा ठेवला. नऊशे तीस. काटा बंद करून सुरू केला, मिठाची पिशवी ठेवली, काढली, पुन्हा गुंड्या ठेवला. नऊशे तीस. झोपेत मूल घामाने पाच-दहा ग्रॅम उतरतं. नव्वद ग्रॅमने वाढत नाही.

गुंड्या जाळीत हातपाय हलवत तिच्याकडे बघून हसला. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात पांढरा ठिपका होता. रूपालीने तो करंगळीने टिपला, बोटांवर घोळवला, नाकाशी नेला. दूध होतं. सायीसारखं घट्ट, ताजं.

तिचं नव्हतं. तिचं दूध पातळ, निळसर होतं. ते फ्रिजमध्ये झाकण लावून, वर तारीख घालून ठेवलेलं होतं.

३

माणूस आधी घरातल्याच माणसावर संशय घेतो. त्यात चूक नाही, तेच हाताशी असतं.

"आई, तुम्ही गुंड्याला काही पाजता का?"

सासूबाई भागुबाई गुरुवारी सकाळी ओट्यावर शेवंती निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "म्हंजे?"

"म्हणजे बाटली. दुपारी, माझा डोळा लागला की."

"मी?" आता मान वर आली. "दोन लेकरं वाढवली मी. बाटलीला हात नाय लावला. आन आता म्हातारपणी चोरून बाटली पाजीन व्हय? लय शिकली तू त्या लॅबमधी."

"दुपारच्या झोपेत वजन वाढतंय त्याचं. नव्वद ग्रॅम."

"मंग वाढू दे की. तुझं वाढलं तरी तू रडती, त्याचं वाढलं तरी तू रडती."

"आई, मी मस्करी करत नाहीये."

भागुबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग मांडीवरची फुलं झटकली. "बरं. आज दोघी बसू दारात. बघू कोण चोर हाय ते."

मागच्या खोलीला एकच दार होतं. खिडकी होती, पण तिला जाळी होती आणि बाहेर हातभरावर शेजारच्या घराची भिंत. खोलीत पाळणा, गाद्यांची चळत आणि सावळीरामांच्या फवारणी पंपाचा खोका, बाकी काही नाही. पावणेदोनला गुंड्याला पाळण्यात ठेवून दोघींनी दार लोटलं आणि दारालाच पाठ लावून जमिनीवर बसल्या. भागुबाईंनी सुई-दोरा आणि फुलांची पाटी घेतली. नुसतं बसणं त्यांना आजवर जमलं नव्हतं.

एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. पुढच्या खोलीत कूलर घरघरत होता. दोन वाजून दहा मिनिटांनी वीज गेली आणि कूलरची घरघर ओसरत ओसरत थांबली. घरातला एखादा बडबड्या माणूस बोलता बोलता गप्प व्हावा तसं झालं. मग इतका वेळ त्या आवाजाखाली जे होतं ते ऐकू आलं.

चुक. चुक. चुक. आणि मग घोट.

तीन वेळा ओढायचं, एकदा गिळायचं. ही गुंड्याची लय होती. रूपालीने ती चार महिने रोज आठ वेळा ऐकलेली होती. सगळ्या बाळांच्या चुकचुकण्यातून ती तिने डोळे मिटून ओळखली असती. तिच्या छातीत पान्हा दाटून आला आणि गाऊनवर दोन ओले डाग पसरले. शरीराला कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

भागुबाईंची सुई फुलात अर्धी घुसून थांबली होती.

"झोपेत अंगठा चोखत असेल," रूपाली कुजबुजली. अंगठा चोखताना गिळावं लागत नाही, हे तिला बोलता बोलताच कळलं.

ती उठली आणि तिने दार ढकललं.

गुंड्या पाळण्यात झोपलेला होता. पाळणा हलत होता. जोरात नाही, कुणी नुकतंच उठून गेल्यावर खुर्ची हलते तेवढाच. आढ्याचा आकडा बारीक कुरकुरत होता. खोलीत कुणी नव्हतं. पण वास होता, आणि तो झेंडूचा नव्हता. गोड, जड, शिळा. कालच्या गजऱ्याला उशीखाली येतो तसा.

रूपालीने दुपटं उलटून पाहिलं. घडीत दोन कळ्या होत्या. चेपलेल्या, कडेने तांबूस पडलेल्या. ओल्या.

"मोगरा," ती म्हणाली. "आई, आपल्याकडे मोगरा कुठून आला? बाबांनी बाजारातून आणला?"

भागुबाई उंबऱ्याच्या आत आल्या नव्हत्या. "आपल्या वावरात मोगरा लावत नाय," त्या म्हणाल्या. "कधीच लावला नाय. अन ते घरात आणीत पण नाय."

"मग?"

"इकडं ये. त्याला घेऊन भाईर ये आधी."

बाहेर ओट्यावर आल्यावर त्यांनी पदराने तोंड पुसलं. उन्हातही त्यांच्या हातांवर काटा आलेला दिसत होता. "मोगरा बांधत्यात," त्या म्हणाल्या. "छातीला. कळ्या ठिवायच्या अन वरून फडकं आवळायचं. पान्हा आटवाया."

"कुणाला बांधतात?"

"जिचं लेकरू गेलं, तिला."

४

रात्री जेवताना ललितने सगळं ऐकून घेतलं आणि भाताचा घास हातात धरून म्हणाला, "वजन वाढतंय ना? मग प्रॉब्लेम काय आहे?"

असं बोलण्याची त्याला कंपनीत सवय होती. उत्पादन निघतंय ना, मग यंत्र का तपासायचं.

"प्रॉब्लेम हा आहे," रूपाली म्हणाली, "की मंगळवारी माझं एका वेळी एकशेवीस मिली निघत होतं. आज साठ निघालं. सोमवारपर्यंत काहीच निघणार नाही. मग तो तिचाच."

"कुणाचा?"

तिने त्याच्या पानात आणखी भात वाढला. जे माहीत नाही त्याला नाव द्यायचं नाही, हा लॅबचा नियम.

शुक्रवारी सकाळी तिने नणंदेकडून, दिंडोरीच्या हर्षालीकडून, बारशाचा व्हिडिओ मागवला. मंगळवारपासून हे सुरू झालं आणि त्याच्या आदल्याच रविवारी घरात पंचवीस-तीस बायका येऊन गेल्या. मग त्या तिसांत कोण होतं हे बघायला नको? व्हिडिओ गाद्यांच्या चळतीवर मोबाइल टेकवून काढलेला होता. रूपाली आणि भागुबाई पलंगावर शेजारी शेजारी बसून बघू लागल्या.

पाळणा झेंडूच्या माळांनी मढवलेला. अलीकडे भागुबाई, पलीकडे हर्षाली. भागुबाईंनी गुंड्याला दोन्ही हातांवर घेतलं, "कुणी गोविंद घ्या" म्हणत पाळण्याखालून पलीकडे दिलं. पलीकडून हर्षालीने घेतलं, "कुणी गोपाळ घ्या" म्हणत पाळण्यावरून परत केलं. खालून जायचं, वरून यायचं. असं पाच वेळा. बायका हसत होत्या, कुणीतरी पाळणा म्हणायला सुरुवात करत होतं, सूर लागत नव्हता. पाचवी फेरी झाली तशी हर्षाली उठून घुगऱ्यांचं ताट आणायला गेली. ती दाराकडे जाताना पाठमोरी स्वच्छ दिसत होती, जांभळी पैठणी, अंबाड्यावर गजरा नाही, कारण गजरेवाल्याने ऐनवेळी दगा दिला होता.

आणि भागुबाई, सवयीने, कुणाशी तरी बोलता बोलता मान वळवून, सहाव्यांदा म्हणाल्या, "कुणी गोविंद घ्या," आणि गुंड्याला पाळण्याखालून पुढे केलं.

तो माळांच्या आड गेला.

मोबाइलच्या पडद्यावर दोन सेकंद पाळण्याखाली काहीच नव्हतं. मग तो वरून आला. त्याला वरून देणारे दोन हात मनगटापर्यंत दिसले आणि मागे झाले. भागुबाईंनी न बघताच त्याला घेतलं आणि खांद्याला लावलं.

रूपालीने व्हिडिओ मागे नेला. पुन्हा पाहिला. थांबवला.

"बांगड्या नाहीत," ती म्हणाली.

त्या दिवशी दारातच प्रत्येकीला हिरवा चुडा भरला होता. कासारीण तासभर बसून होती. मनगट मोकळं असलेली एकही बाई त्या खोलीत नव्हती.

"पाचच म्हणत्यात," भागुबाई म्हणाल्या. "मी पाचच म्हणले असंल."

"सहा म्हणालात, आई. ऐका." तिने आवाज वाढवला.

भागुबाईंनी ऐकलं. मग हळूच फोन उपडा ठेवला.

रूपालीने हर्षालीला फोन लावला. एखादी शक्यता सोडायची नाही म्हणून. "सहाव्या वेळी पलीकडे कोण होतं गं?"

"सहावी वेळ नसतेच, वहिनी. पाच झाल्या नि मी घुगऱ्या आणायला गेले. पलीकडे भिंतीपर्यंत एकटीपुरतीच जागा, मी उठल्यावर तिथे कुणीच नव्हतं. का गं, काय झालं?"

"काही नाही. मोजत होते."

भागुबाईंनी आपले दोन्ही तळवे मांडीवर पालथे ठेवले होते, त्यांच्याकडे त्या बघत होत्या. "मी घ्या म्हणले," त्या म्हणाल्या. "अन कुणीतरी घेतलं. परत दिलं वरनं, पण घेतलं."

"चुकून म्हणालात."

"घेणारीला काय ठाव, चुकून म्हणले का मनापासनं?" त्यांचा आवाज घसरला. "पेठकडं एक भगत हाय, ह्यांच्या वळखीचा. उंद्या बोलवू. तवर तू लेकरू घेऊन हर्षालीकडं जा. डब्याचं दूध चालू कर. आता हट्ट नको करू, रूपाली."

"का?"

"का म्हंजे?"

"का जायचं मी? पोरगं माझं, खोली माझी. हर्षालीकडे गेल्यावर ती तिकडे येणार नाही असं लिहून दिलंय का कुणी? आणि भगत येऊन काय करणार? कोंबडं मागेल, तिला काय हवं ते तिला विचारून मला सांगेल. मला मधला माणूस नको. मी सहा वर्षं काउंटरवर बसलेय, मला थेट बोलता येतं."

भागुबाईंनी नाक ओढलं. "ह्या घरात आली तवा एवढी तोंडाळ नव्हती तू," त्या म्हणाल्या.

"तेव्हा गरज नव्हती."

त्या संध्याकाळी चाळीस मिली निघालं.

५

शनिवारी दुपारी रूपालीने स्वतःच कूलर बंद केला. ललित ओव्हरटाइमला थांबला होता, सावळीराम वावरात होते. भागुबाई मागच्या खोलीच्या दाराबाहेर बसल्या. आज त्यांनी हातात काम घेतलं नव्हतं. हात नुसतेच मांडीवर होते.

"मी आत येऊ?" त्यांनी विचारलं.

"नको. तुम्ही परत काही म्हणालात म्हणजे?"

हे थोडं लागेल असं होतं, पण भागुबाई हसल्या. हसल्यासारखं केलं.

रूपालीने गुंड्याला पाळण्यात ठेवलं, दार आतून लोटून घेतलं, आणि अलीकडच्या बाजूला, जिथे बारशाला सासूबाई बसल्या होत्या, तिथेच मांडी घालून बसली. पाळणा तिच्या छातीच्या उंचीवर होता. पाळणा आणि जमीन यांच्यामध्ये दीड-दोन हाताची मोकळी पट्टी होती. तिच्यातून पलीकडच्या भिंतीचा खालचा भाग आणि फरशीच्या तीन ओळी दिसत होत्या.

ती फरशी मोजत राहिली. तिने स्वतःला सगळं समजावून पाहिलं. बाळंतपणानंतर बायकांना भास होतात. सासूला झाला, सुनेलाही झाला, दोघींना एकाच वेळी झाला. काट्याला भास झाला असेल का, यावर मात्र तिचं अडलं.

शेजारच्या भिंतीवर एक कबुतर घुमलं आणि थांबलं. वीस मिनिटं गेली. तिच्या पायाला मुंग्या आल्या.

मग आढ्याचा आकडा कुरकुरला, आणि पाळणा चार बोटं वर आला. दोऱ्यांवरचं ओझं कुणी काढून घेतलं की झोळी जशी वर येते, तसा. त्याच्याबरोबर तो वास आला.

रूपालीने वर पाहिलं नाही. वर बघायचं नाही हे तिने ठरवलं नव्हतं, तिची मानच उठली नाही. तिने समोर पाहिलं, त्या पट्टीतून.

पलीकडे मांडी होती.

मळकट, विरलेलं सुती लुगडं, आणि त्याच्या घोळातून आलेलं एक पाऊल, टाचेला भेगा पडलेलं. मांडीवर गुंड्या. त्याच्यावर वाकलेल्या छातीला आडवं फडकं करकचून आवळलेलं होतं, आणि त्या आवळलेल्या फडक्याच्या कडेतून चेपलेल्या, तपकिरी कळ्या डोकावत होत्या. एका बाजूने ते फडकं खाली ओढलेलं होतं. तिथे गुंड्याचा गाल होता. चुक, चुक, चुक, घोट. पाळण्याच्या वर काय होतं ते पाळण्याने झाकलं होतं. रूपालीने त्याबद्दल पाळण्याचे मनातल्या मनात आभार मानले.

"द्या," ती म्हणाली.

आवाज बरा निघाला. चुकचुकणं थांबलं. मग पुन्हा सुरू झालं.

"माझ्या सासूबाईंनी घ्या म्हटलं, ते मी ऐकलंय," रूपाली म्हणाली. काउंटरपलीकडे कितीही मोठा आवाज करणारा माणूस आला तरी आपण नियम सांगत राहायचं, हे तिला पाठ होतं. "पण ते त्यांनी चुकून म्हटलं. आणि तो त्यांचा अधिकारही नव्हता. आजी आहेत त्या. आई मी आहे. मला कुणी विचारलेलं नाही, मी हो म्हटलेलं नाही. द्या इकडे."

मांडी किंचित हलली. बांगडी नसलेला एक हात खाली आला आणि गुंड्याच्या टाळूवर फिरला. टाळू अजून भरलेली नव्हती, तिथे त्या हाताचं बोट अलगद थांबलं. इतक्या मायेने रूपालीलाही कधी जमलं नव्हतं, आणि ते पाहून तिला भीतीपेक्षा जास्त राग आला.

कीवही आली. ती नाकारण्यात अर्थ नव्हता. पण कीव आली म्हणून कुणी आपलं मूल देत नाही.

"तुमचं गेलं," ती म्हणाली. "वाईट झालं. ते कसं गेलं, कधी गेलं, मला माहीत नाही. पण हे माझं आहे. माझं दूध आटतंय. तुमच्यासाठी मी ते आटू देणार नाही."

तिने दोन्ही हात पाळण्याखालून पुढे केले. तळवे वर. पट्टीच्या मध्यापर्यंत पोचले तशी हवा गार लागली, माठाच्या पोटासारखी. बोटांना गुंड्याचं पाऊल लागलं. गरम, ओळखीचं, नख कापायचं राहिलेलं. तिने ते धरलं.

पलीकडून ते मागे गेलं.

तिने सोडलं नाही. तिने दुसऱ्या हाताने त्याची पोटरी धरली, मग ढुंगणाखाली हात घातला. पलीकडेही हात होते आणि ते काढले जात नव्हते. गुंड्या मधोमध होता.

"रूपाली," दाराबाहेरून भागुबाईंचा आवाज आला. "काय चाललंय गं आत?"

"काही नाही, आई. बोलणी चालू आहेत."

तिने ओढलं नाही. ओढलं तर त्याला लागलं असतं, आणि पलीकडूनही त्यामुळेच कुणी ओढत नव्हतं, हे तिला त्या क्षणी लखकन कळलं. दोघींनाही ते मूल दुखवायचं नव्हतं. तेव्हा प्रश्न फक्त कोण आधी थकतं एवढाच होता. रूपाली तीन दिवस धड झोपलेली नव्हती, चार महिने धड जेवलेली नव्हती, आणि थकायचं कसं हे ती कधीच विसरून गेली होती.

"मला वेळच वेळ आहे," ती म्हणाली. "रजा सहा महिन्यांची आहे."

किती वेळ गेला कुणास ठाऊक. तिचे हात कोपरापासून बधिर झाले. मग एकाएकी सगळं वजन तिच्या तळव्यांवर आलं. जवळजवळ सहा किलो, एक ग्रॅमही कमी नाही. तिने त्याला पाळण्याखालून छातीशी ओढून घेतलं.

६

गुंड्या रडला. हुंकारला नाही, रडला. तोंडाचा चौकोन करून, लालभडक होऊन, साऱ्या गल्लीला कळेल असा. पाच दिवसांत तो असा रडला नव्हता. रूपालीने गाऊनची बटणं काढली. त्याने आधी तोंड फिरवलं. मग तो परत वळला, चिडून, डोकं आपटत, शोधत, आणि त्याने असा काही दाबून धरलं की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यात सभ्यपणा औषधालाही नव्हता.

चुक, चुक, चुक. घोट.

पान्हा आला. आटलेला नव्हता, वाट बघत होता.

तिने खांद्यावरची ओढणी त्याच्यावर घेतली. दार किलकिलं झालं आणि भागुबाई दारात उभ्या राहिल्या. त्यांनी आधी रूपालीला पाहिलं, मग ओढणीखालचा उंचवटा, त्याचं हलणं. त्यांचे ओठ काहीतरी म्हणायला उघडले आणि मिटले. ह्या वेळी त्यांनी काही म्हटलं नाही.

वास गेला नव्हता.

पाळणा रिकामा होता. त्याच्या पलीकडे रूपालीने पाहिलं नाही. तिने खाली, आपल्या मांडीकडे पाहिलं. ओढणीचं टोक फरशीवर पसरलं होतं, पाळण्याखाली गेलं होतं. ते हळूच उचललं गेलं. कुणी आत डोकावून बघायला पदर वर करावा, तसं. एकदाच, पोटभर बघून घ्यायला.

रूपालीने ते मुठीत धरलं.

पलीकडून ओढ आली. आधी हलकी, विनवल्यासारखी. मग तशी नाही. ओढणी ताठ झाली, तिची वीण करकरली, रूपालीचं मनगट फरशीवरून पाळण्याच्या दिशेने वीतभर सरकलं.

"ओढा," ती म्हणाली. "मीही इथेच बसलेय."

गुंड्या कुणाचीच पर्वा न करता पीत होता. भागुबाई उंबरा ओलांडून आत आल्या, गुडघे धरत सुनेच्या शेजारी बसल्या, आणि पाळण्याकडे न बघता त्यांनी तिच्या मुठीवर आपली मूठ घट्ट आवळली.